गिटार कर्कश वाजते, पिक निसटते किंवा तारांत अडकते: तारा बदलण्यापूर्वी काय तपासावे

मी ठाण्यात अनेक वर्षे गिटार शिकवतो आणि शिकायला येणाऱ्यांच्या गिटारींची लहानसहान दुरुस्तीही करतो. या काळात एक तक्रार वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा माझ्यापुढे आली आहे: गिटारचा आवाज पूर्वीसारखा येत नाही. तक्रार घेऊन येणाऱ्याने तोवर तारांचा नवा संच घातलेला असतो, क्वचित दुसरी गिटार घेण्याचा विचारही सुरू झालेला असतो. हातात मात्र पहिल्या दिवशी गिटारबरोबर मिळालेले तेच पिक, म्हणजे तारा छेडायची प्लॅस्टिकची लहान चकती, असते. प्रत्येक वेळी दोष पिकचाच असतो असे नाही, आणि तसा तो नसल्याचे प्रसंगही पुढे येतील. तरीही वडापावच्या किमतीत मिळणारी वस्तू आधी तपासावी आणि हजारो रुपयांच्या वाद्याला हात नंतर लावावा, हा क्रम मी कधी सोडलेला नाही.

पुढील मजकूर मुख्यतः पोलादी तारांच्या अकूस्टिक गिटारबद्दल आहे. तुमच्या गिटारच्या पहिल्या तीन, म्हणजे सर्वांत पातळ, तारा नायलॉनच्या असतील, तर ती क्लासिकल गिटार आहे आणि ती बोटांनी व नखांनी वाजवण्यासाठी घडवलेली असते. तिच्यावर बहुधा पिकगार्ड नसते, त्यामुळे जोराच्या स्ट्रमिंगने (सर्व तारांवरून सलग हात फिरवण्याने) वरच्या मऊ लाकडावर ओरखडे उठतात. अशा गिटारचा आवाज मोठा व्हावा म्हणून तिला पोलादी तारा लावण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. त्या तारांचा ताण बराच जास्त असतो आणि त्याने ब्रिज (वरच्या फळीवरची तारा अडकवायची पट्टी) उखडू शकतो.

लक्षणे

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण म्हणजे स्ट्रमिंग करताना सुरापेक्षा प्लॅस्टिकची चटचट अधिक ऐकू येते. दुसरे लक्षण जाड तारांवर दिसते: त्यांवरून पिक जाताना चर्र असा खरवडल्याचा आवाज निघतो. तिसरे असे की पिक दोन-तीन मिनिटांत बोटांत फिरते, त्याचे टोक भलतीकडे वळते, आणि एखाद्या वेळी ते साउंडहोलमधून (फळीवरच्या गोल भोकातून) थेट गिटारच्या पोटात जाऊन पडते. काहींचा डाउनस्ट्रोक (वरून खाली आघात) दणदणीत येतो पण अपस्ट्रोकला (खालून वर येताना) पिक तारेत अडकून लय तुटते. काहींना आवाज पातळ, बिनभरीव वाटतो, जणू खालचे सूर गळून गेले आहेत. शेवटचे लक्षण सर्वांत खर्चिक आहे: पहिली किंवा दुसरी तार पुन्हा पुन्हा तुटते.

यांतील दोन-तीन लक्षणे एकत्र दिसत असतील तर पिककडे संशय अधिक जातो. तुम्ही घरी एकटे वाजवताना आवाज चांगला येतो आणि फोनवरच्या रेकॉर्डिंगमध्येच कर्कश वाटतो, असे असेल तर मात्र त्या रेकॉर्डिंगवरून निदान करू नये. फोन तोंडाशी आणून बोलण्याच्या आवाजासाठी बनवलेला असतो. तो गिटारच्या अगदी जवळ ठेवल्यास पिकचा आघात त्यात प्रमाणाबाहेर उचलला जातो.

पहिली तपासणी: पिक बाजूला ठेवा

हिला काहीच खर्च येत नाही, आणि पुढचा सारा मार्ग हिच्यावरून ठरतो. पिक खाली ठेवा आणि उजव्या अंगठ्याच्या मऊ भागाने, नख न लावता, त्याच जागी त्याच तारा छेडा. कर्कशपणा पूर्ण गेला तर दोष पिक, पकड किंवा आघात यांपैकी कशात तरी आहे. अंगठ्यानेही तारेतून झणझण किंवा खरखर येत असेल तर दोष गिटारमध्ये किंवा तारांमध्ये आहे, आणि मग कितीही पिके बदलली तरी उपयोग होणार नाही.

त्यानंतर डाव्या हाताची बोटे सर्व तारांवर हलकेच आडवी ठेवून तारा मुक्या करा आणि नेहमीच्या पिकने नेहमीच्या जोराने स्ट्रमिंग करा. आता सूर उरलेला नाही. जे ऐकू येते तो पिकचा स्वतःचा आवाज आहे. वाजवताना तो सुरात मिसळलेला असतो, म्हणून आपल्याला तो वेगळा ओळखता येत नाही. मी विद्यार्थ्यांना हा प्रयोग डोळे मिटून करायला सांगतो, आणि पहिल्यांदा ऐकणारा जवळजवळ प्रत्येक जण चकित होतो. पुढे दोन पिकांची तुलना करायची असेल तेव्हाही हीच रीत वापरा.

दुसरी तपासणी: पिकची कड

पिक उजेडात धरून त्याचे टोक पाहा. बहुतेकांची पिक धरण्याची पद्धत थोडी तिरकी असते, त्यामुळे टोक एका बाजूने झिजून उताराचे होते आणि कडेवर बारीक खाचा पडतात. तिसरीपासून सहावीपर्यंतच्या तारांवर धातूचा बारीक धागा गुंडाळलेला असतो. तो प्रत्येक आघाताला प्लॅस्टिकवर कानशीसारखा घासतो. खाच पडलेली कड तारेवरून सुटताना एकदाच सुटत नाही, अडखळत सुटते, आणि तीच चर्र तुम्हाला ऐकू येते.

खाचा डोळ्यांना दिसल्या नाहीत तर पिकची कड एखाद्या जुन्या नायलॉनच्या ओढणीवरून फिरवा. धागा अडकला तर कड खडबडीत झालेली आहे. यावर ताबडतोब करता येण्याजोगा उपाय म्हणजे पिक फिरवून त्याच्या मागच्या गोलसर कोपऱ्याने वाजवणे. तो कोपरा न वापरलेला, म्हणून गुळगुळीत असतो, आणि गोल असल्यामुळे त्याचा आवाजही अधिक मऊ येतो. अनेकांची तक्रार इथेच मिटते.

टोकच पुन्हा घडवायचे असेल तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा वॉटर पेपर घ्या. आधी ४०० क्रमांकाचा, मग ८०० आणि शेवटी १२०० क्रमांकाचा कागद वापरून कड घासा आणि नंतर जीन्सच्या कापडावर ती चोळून चकचकीत करा. काही मुले कड गुळगुळीत करण्यासाठी लायटरची ज्योत वापरतात, हे मी पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी थांबवले आहे. शिंपल्यासारखी झाक असलेली बरीच रंगीत पिके सेल्युलॉइडची असतात. सेल्युलॉइड नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून बनते आणि भडकन पेट घेते. पिकला कधीही ज्योत लावू नका.

तिसरी तपासणी: पकड आणि जागा

या तपासणीलाही पैसे लागत नाहीत, मात्र हिला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण नवे पिक घेतले तरी सवय जुनीच राहते.

तर्जनी किंचित वाकवून तिच्या पेराच्या बाजूवर पिक टेकवा आणि वरून अंगठा आडवा ठेवा. टोकाचा साधारण ४ ते ५ मिलिमीटर भागच बाहेर राहू द्या. अपस्ट्रोकला पिक अडकण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते की पिकचा अर्धा भाग बोटांबाहेर असतो आणि टोक तारांच्या खाली खोल शिरते. खोल गेलेले टोक बाहेर काढायला जोर लागतो, जोर लावला की पकड आवळते, आवळलेल्या बोटांना घाम येतो आणि मग पिक फिरू लागते. तीन वेगळ्या वाटणाऱ्या तक्रारींचे मूळ असे एकच निघते. दुसऱ्या हाताने पिक हलकेच ओढून पाहा: ते थोडे हलले पाहिजे, पण निसटता कामा नये.

नंतर कोन पाहा. पिकचा पृष्ठभाग तारेला अगदी समांतर ठेवला तर आघात भरघोस येतो, पण पिकला अडथळाही जास्त जाणवतो. त्याला साधारण १५ ते २० अंश तिरके केले की कड तारेवरून घसरून सुटते आणि हात मोकळा होतो. मात्र तिरकेपणा फार वाढला की कड गुंडाळलेल्या तारांच्या वळणांवर घासू लागते. म्हणून चर्र आवाज फक्त जाड तारांवर येत असेल आणि पातळ तारा स्वच्छ वाजत असतील, तर पिक बदलण्यापूर्वी कोन कमी करून पाहा.

वाजवण्याच्या जागेचा प्रश्न थोडा सविस्तर सांगतो, कारण पिकबद्दलच्या निम्म्या चर्चा या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे वाकड्या वाटेला लागतात. छेडलेल्या तारेतून मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर निघतात. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर उमटतच नाहीत. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा असे सम उपस्वर गायब होतात आणि आवाज पोकळ, बासरीसारखा येतो. ब्रिजच्या जवळ छेडली तर वरचे उपस्वर मूळ सुराच्या मानाने बळकट होतात, म्हणून आवाज तीक्ष्ण व पत्र्यासारखा लागतो. तारेची लांबी सुमारे ६४८ मिलिमीटर धरली, तर ब्रिजपासून एक-पंचमांश अंतर म्हणजे साधारण १३ सेंटिमीटर, आणि ती जागा साउंडहोलच्या आसपास येते. हात नकळत ब्रिजकडे सरकलेले विद्यार्थी मी असंख्य पाहिले आहेत. त्यांना मी केवळ चार बोटे पुढे वाजवायला सांगतो, आणि ज्या आवाजासाठी ते नवी गिटार घेणार होते तो आवाज त्याच गिटारमधून निघतो.

टोकाच्या आकाराचाही याच कारणाने परिणाम होतो. अणकुचीदार टोक तारेला एका बारीक बिंदूवर वाकवते, त्यामुळे फार वरचे उपस्वरही जागे होतात. गोल टोकाचा स्पर्श रुंद असतो आणि त्या रुंदीत सूक्ष्म कंपने दबून जातात. अंगठ्याचा आवाज सर्वांत मऊ का, याचे उत्तरही हेच आहे.

चौथी तपासणी: घाम

मुंबई-ठाण्याच्या आणि कोकण-गोव्याच्या दमट हवेत पिक निसटण्याची तक्रार मेपासून सुरू होते आणि पावसाळा संपेपर्यंत टिकते. वाजवण्यापूर्वी साबणाने हात धुऊन कोरडे करणे आणि पिकही धुणे एवढ्याने बरेच काम होते, कारण त्वचेच्या तेलाचा थर पिकवर साचत जातो. तरीही निसटत असेल तर चकचकीत पिकऐवजी खडबडीत पृष्ठभागाचे, उठावाची नक्षी असलेले किंवा मधे भोके पाडलेले पिक घ्या. पिकवर फेविक्विक किंवा चिकटपट्टीचे प्रयोग करू नका, कारण त्याचा चिकटा तारांवर जातो.

पाचवी तपासणी: जाडी

आता पहिल्यांदा पैसे खर्च करण्याची वेळ येते, आणि तेही किरकोळ. ढोबळ मानाने ०.६० मिलिमीटरपर्यंतचे पिक पातळ, ०.६० ते ०.८० मध्यम, ०.८० ते १.२० जाड आणि १.५ मिलिमीटरच्या पुढचे फार जाड समजले जाते. जाडी बहुधा पिकवरच छापलेली असते. डनलॉपच्या टॉर्टेक्स पिकांत ती रंगावरूनही कळते: लाल ०.५०, नारिंगी ०.६०, पिवळे ०.७३, हिरवे ०.८८, निळे १.००, जांभळे १.१४.

पातळ पिक तारेला पुरेसे खेचण्याआधी स्वतःच वाकते आणि सुटताना फटकारा मारते. म्हणून त्याची चटचट मोठी आणि खालच्या सुरांचा भराव कमी असतो. सहा तारांवरून सलग हात फिरवताना हाच गुण उपयोगी पडतो, कारण वाकणारे पिक सर्व तारांना सारखा, माफक आघात देते आणि गाण्याच्या आवाजाखाली गिटार बसते. एक-एक सूर काढताना मात्र त्याचे वाकणे आड येते: हाताची हालचाल आणि सूर यांच्यात क्षणाचा विलंब जाणवतो आणि गतीत लय घसरते. जाड पिक वाकत नाही, त्यामुळे सूर भरीव आणि वेळेवर येतो. पण हात जड असेल तर तो जडपणा ते झाकून घेत नाही. नवशिक्याने १.५ मिलिमीटरचे पिक घेऊन स्ट्रमिंग केले की अडकणे आणि तार तुटणे या दोन्ही तक्रारी सुरू होतात.

खरेदीपूर्वी एक सोपी चाचणी करता येते. मुदत संपलेले बँकेचे कार्ड ०.७६ मिलिमीटर जाडीचे असते, म्हणजे मध्यम पिकच्या गटातले. चिप आणि चुंबकीय पट्टी टाळून त्यातून पिक कापा, कडा वॉटर पेपरवर गोल करा आणि वाजवून पाहा. तुमचे सध्याचे पातळ पिक बाजूला ठेवून याने वाजवल्यावर भराव वाढला, तर जाडीचा अंदाज बरोबर आहे असे समजा. हे प्लॅस्टिक मऊ असते आणि लवकर झिजते, म्हणून ते चाचणीपुरतेच ठेवा. नंतर ०.६०, ०.७३ आणि ०.८८ अशी तीन पिके आणा, प्रत्येकाला निदान दोन दिवस द्या आणि मगच निर्णय करा. दुकानात उभे राहून दोन मिनिटांत केलेली निवड मला तरी क्वचितच टिकलेली दिसली.

सहावी तपासणी: पदार्थ

एकाच जाडीची दोन पिके वेगळी वाजतात, याचे कारण पदार्थाचा ताठरपणा आणि पृष्ठभागाचे घर्षण. नायलॉन लवचिक असते आणि त्याचा आघात मऊ असतो. सेल्युलॉइडचा आवाज उजळ व भरदार असतो, पण कड तुलनेने लवकर झिजते. डेलरिन हे निसरडे आणि टिकाऊ प्लॅस्टिक आहे, म्हणून त्याचे पिक तारेवरून लवकर सुटते. अल्टेक्स हे प्लॅस्टिक अधिक ताठ असते आणि त्याचा आवाज स्वच्छ, काहीसा टणक लागतो. कर्कशपणाची तक्रार असेल तर मी आधी नायलॉन देतो, आवाज बुडाल्याची तक्रार असेल तर सेल्युलॉइड किंवा अल्टेक्स.

सरोद वाजवणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. त्यांचा जवा, म्हणजे सरोदचे पिक, नारळाच्या करवंटीचा असतो, आणि त्याची जाडी व कड आपल्या हाताला बसेपर्यंत घासून घेणे हा त्यांच्या तयारीचाच भाग असतो. गिटार शिकणाऱ्यांनी पिककडे त्याच आदराने पाहावे, असे मला मनापासून वाटते.

क्वीन या ब्रिटिश बँडचे गिटारवादक ब्रायन मे सहा पेन्सच्या नाण्याने वाजवतात, हे ऐकून काही जण रुपयाचे नाणे घेऊन येतात. त्यांचे वाद्य इलेक्ट्रिक आहे आणि त्यांचा हात अतिशय हलका आहे. अकूस्टिक गिटारवर नवशिक्या हाताने नाणे चालवल्यास तारांची वेटोळी खरवडली जातात. पूर्वी कासवाच्या कवचाची पिके नावाजलेली होती. ते कवच हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाचे असते. त्या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापाराविषयीच्या करारानुसार बंदी आहे, आणि आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार त्याला संरक्षण आहे. असे पिक कोणी देऊ केले तर घेऊ नये.

सातवी तपासणी: तारा

आता तारांची पाळी. अंगठ्याच्या चाचणीतही आवाज मंद, बोथट येत असेल, तारांवर काळपट डाग असतील किंवा बोट फिरवल्यावर खरखर लागत असेल, तर तारा गंजल्या आहेत. समुद्राजवळच्या हवेत हे फार लवकर होते. गंजलेली तार पिकही खाते, आणि मग जुन्या तारेचा दोष नव्या पिकच्या माथी मारला जातो.

तार तुटत असेल तर ती कुठे तुटली हे पाहिल्याशिवाय तिचे तुकडे टाकू नका. साउंडहोलवर, म्हणजे पिक लागते तिथे तुटली असेल तर जड आघात किंवा खाचा पडलेली कड हे कारण संभवते. ब्रिजवरच्या सॅडलवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी), नटमध्ये (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) किंवा खुंटीपाशी तुटली असेल तर त्या जागी बोचरी कड आहे. याबाबत माझ्याकडून एक चूक झाली होती. एका विद्यार्थिनीची पहिली तार दोन महिन्यांत चार वेळा तुटली. मी तुटलेली तार न पाहताच तिला पातळ पिक दिले, स्ट्रमिंग हलके करायला लावले आणि तिचा हात विनाकारण दबकत वाजवू लागला. ती पाचव्यांदा तुटली तेव्हा मी तुकडा हातात घेतला: तो सॅडलपाशी तुटला होता, आणि सॅडलवर नखाला लागेल अशी धार होती. त्या दिवसापासून तुटलेली तार घेऊन या, हे माझे पहिले वाक्य असते.

इथे थांबा आणि कारागिराकडे जा

अंगठ्याने हलके छेडल्यावरही तार फ्रेटवर (नेकवरच्या, म्हणजे गिटारच्या गळ्यावरच्या, धातूच्या आडव्या पट्टीवर) झणझणत असेल, तर नेकचा बाक, फ्रेटची झीज किंवा तारांची उंची यांत दोष आहे. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची साधारण २ ते २.५ मिलिमीटर आणि पहिल्या तारेची १.५ ते २ मिलिमीटर असते. पट्टीने मोजून पाहायला हरकत नाही, पण मोजून झाल्यावर थांबावे. नेकमधला ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी धातूची सळई) अनुभव नसताना फिरवू नये. जादा पिळल्यास तो तुटतो, आणि ती दुरुस्ती गिटारच्या किमतीच्या जवळ जाऊ शकते. सॅडल किंवा नट घरच्या कानशीने घासू नये, कारण काढलेला भाग परत बसवता येत नाही.

ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकत असेल तर ब्रिज सुटू लागला आहे. वरची फळी ब्रिजमागे ठळकपणे फुगली असेल तरही तसेच. अशा वेळी तारा सैल करा आणि गिटार वाजवणे त्याच दिवशी बंद करा. पिकअप (आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणारे उपकरण) बसवलेल्या गिटारमधून ॲम्प्लिफायरवरच खरखर येत असेल आणि केबल न जोडता वाजवताना ती नसेल, तर आधी केबल बदलून पाहा. त्याने फरक पडला नाही तर आतल्या जोडणीला स्वतः हात लावू नका.

पिक धरताना अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात दुखत असेल आणि दोन-चार दिवस विश्रांती घेऊनही ते थांबत नसेल, किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांकडे जावे. जाड पिक घेऊन किंवा पकड बदलून ते अंगावर काढू नये.

गिटार कारागिराकडे नेताना तुमचे रोजचे पिक आणि तुटलेल्या तारेचे तुकडे बरोबर न्या. तो बहुधा अंगठ्याने किंवा स्वतःच्या पिकने वाजवून पाहील, आणि दोष तुमच्या पिकचा असेल तर त्याला तो दिसणारच नाही.